चिपटं, चुना आणि नंबरचं कुलूप

माझं कोडं कुणी चटकन सोडवलं की मला आतून वाईट वाटायचं. तोंडानं शाब्बास म्हणायचो, पाठीवर थापही मारायचो, पण घरी जाताना गाडीवर डोक्यात एकच घोळत असायचं: उद्या याहून अवघड काढतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी करून घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली. संख्यामालिका, आरशातल्या आकृत्या, सांकेतिक भाषेचे प्रश्न यांत माझा हातखंडा. गढीच्या नवोदय विद्यालयात गावातलं पोरगं लागलं की पेढे वाटले जातात आणि पहिला पेढा सरांच्या हातावर येतो. त्या पेढ्यानं माझं मत पक्कं केलं होतं. कोडं म्हणजे चाळणी. वर राहील ते धान्य, खाली पडेल ते पडेल.

आज मी तसं मानत नाही. मत एका रात्रीत बदललं नाही, आणि सगळंच बदललंय असंही नाही. कसं सरकत गेलं ते सांगतो.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात, आणि परततं ते पाडव्याच्या आगेमागे. पोरांची शाळा सुटू नये म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यामुळे बरीच मुलं आजी-आजोबांपाशी मागं राहतात आणि दोन्ही वेळचं शाळेत जेवतात. शाळा सुटल्यापासून संध्याकाळच्या ताटापर्यंतचा वेळ मात्र त्यांना खायला उठतो. आई-बाप लांब, घरात म्हातारी माणसं, थंडीत दिवस लवकर मावळतो. त्या दोन-अडीच तासांचं काय करायचं, इथून हे प्रकरण सुरू झालं.

पुण्यात मेव्हण्याच्या मुलाच्या वाढदिवसाला पोरांच्या घोळक्याबरोबर मलाही एका एस्केप रूममध्ये नेलं. पाच-सहा जणांना एका खोलीत घालतात, आणि तासाभरात कोडी सोडवत, कुलपं उघडत बाहेर पडायचं असतं. कॉम्प्युटरवर असा खेळ आधीपासून होता. २००७ साली जपानमध्ये क्योटोत ताकाओ कातो यांच्या 'स्क्रॅप'नं तो खऱ्याखुऱ्या जागेत मांडला आणि तिथून तो जगभर गेला. तिकिटाचा आकडा ऐकून माझे डोळे पांढरे झाले. पण खोलीतलं सामान बघितलं तर त्यात न मिळण्यासारखं काहीच नव्हतं. पेट्या, कुलपं, आरसा, बॅटरी, कागद. एवढंच ना, म्हणत मी गावी आलो.

पहिली मांडणी मी माझ्या मताला धरूनच केली. जुन्या ट्रंका जमवल्या, बॅगवाल्याकडून तीन आकड्यांची नंबरची कुलपं आणली. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला होता. त्या दिवसांत मीही हौसेनं मोडी शिकलो होतो, ती इथं कामाला लावली. मोडीतली चिठ्ठी वाचायची, तिची अक्षरं वर्णमालेत दोन घरं पुढं सरकवायची, त्यातून एक गणित निघणार, गणितातून कुलपाचा आकडा, त्या पेटीत पुढची चिठ्ठी. एकाला एक अडकवलेली लांबलचक साखळी. रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या व्होल्टेजमध्ये बसून हे करताना काय मजा आली म्हणून सांगू!

खेळ सुरू झाला. माझा शिष्यवृत्तीचा एक हुकमी विद्यार्थी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यात गेला. बाकीची आधी त्याच्याभोवती उभी राहिली, मग बसली, मग त्यांतली एक म्हणाली, "सर, आमी जाऊ का घरी?" तो कोपऱ्यातलाही मध्येच अडकला. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ते अभिमानानं सांगितलं. अशा बऱ्याच संध्याकाळी गेल्या. खेळायला येणारी मुलं कमी होत गेली, तेही मला चाळणीचंच काम वाटत होतं.

मत पहिल्यांदा हललं ते एका पाइपापाशी. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा, तीन इंची, माझ्या कमरेएवढा. खालच्या तोंडाला बूच ठोकून खिडकीच्या गजाला उभा बांधला. आत निम्म्याला थोडं कमी पाणी, पाण्यावर थर्माकोलचा तुकडा, त्याला दोऱ्यानं बांधलेली चावी. हात पोचत नाही, पाइप सोडायचा नाही. शेजारी भरलेली बादली आणि तांब्या. पाणी ओतलं की चावी वर, विषय संपला. हे मी दुसरी-तिसरीच्या पोरांना नादाला लावायला केलं होतं, कोडं म्हणायलाही मला लाज वाटत होती.

पोरं बादलीपाशी आली आणि तिथंच थांबली. आपसात काहीतरी कुजबुजली. मग एकानं मला विचारलं, "सर, हे प्यायचं पाणी हाय ना? मग ह्याच्यात कसं वतायचं?" मी गप्प. खेळ चालू असताना सरांनी बोलायचं नाही हा नियम माझाच. तशी ती बाहेर पळाली, टोपीत आणि फ्रॉकच्या ओच्यात मैदानातले खडे भरून आणले आणि एकेक खडा पाइपात सोडायला लागली. कावळ्याची गोष्ट त्यांना मीच शिकवलेली. खडे खाली बसत गेले, पाणी चढत गेलं, चावी हाताला लागली. बादलीतला थेंब हलला नव्हता.

२०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आमच्याकडं काही वेगळी तऱ्हा नव्हती. ही पोरं त्यानंतरची. पण टँकर आला की हंडा घेऊन कसं पळायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या वहीत उत्तर लिहिलेलं होतं, 'पाणी ओतणे'. त्या हिशेबानं पोरांचं उत्तर बाद. आणि मला ते बाद करवेना. त्या रात्री पुन्हा वही काढून बसलो, आणि आजवरच्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांत या पोरांना आधीपासून येणारं असं काय होतं, ते शोधायला लागलो. काहीच नव्हतं. सगळं मला येणारं होतं.

तिथून सामान बदललं. मोडीचा कागद गेला नाही, पण शेजारी मोडी मुळाक्षरांचा तक्ता आला. चिठ्ठ्या 'च'च्या भाषेत लिहायला लागलो, म्हणजे पाणी हवं असेल तर 'चाणीप'. शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांना ती चिठ्ठी दिली तर ते अडखळले. पोरं मात्र ती वर्तमानपत्रासारखी धडाधड वाचत होती, वाचनात मागं असलेली सुद्धा. एक कोडं नुसतं आरशाचं होतं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं, 'आरशात बघितलं तरी आमचं भांडण मिटत नाही.' ३६ हा आकडा आरशासमोर धरून बघा. तीनाचा होतो सहा, सहाचा तीन, जागाही बदलतात, आणि पुन्हा छत्तीसचा छत्तीसच, पाठीला पाठ लावून. हे मला स्वतःला इतकं आवडलं की मी ते बायकोला, सासऱ्यांना, एसटीतल्या शेजाऱ्याला, सगळ्यांना दाखवलं. एक अडचण कायमची आहे. कुलपावर इंग्रजी आकडे असतात आणि लहान पोरं मराठी एकाला इंग्रजी नऊ समजतात. आता मी कुलपाच्या शेजारी दोन्ही आकड्यांची पट्टी चिकटवून ठेवतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते लुगड्यानं. अंबाजोगाईला सहल नेली होती, तेव्हा पोरांना दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगितलं. सोळाव्या शतकातल्या या संतकवीनं सुमारे चाळीस फूट लांब कापडावर पंचीकरण लिहून काढलं. कापडावर लिहितात हे ऐकून पोरांना नवल वाटलं आणि मला कल्पना सुचली. आईचं जुनं लुगडं घेतलं आणि काठावर ठरावीक अंतरानं एकेक अक्षर लिहिलं, मधे वाटेल ती अक्षरं भरली. उलगडून वाचलं तर गोंधळ. पण नेसताना घालतात तशा निऱ्या घातल्या की बरोबर हवी ती अक्षरं शेजारी शेजारी येतात आणि निरोप वाचता येतो. अंतर घेतलं एका विताचं, कारण निरी विताचीच पडते.

आजीला रोज नेसताना बघणारी चौथीतली एक मुलगी लगेच पुढं झाली. दुसऱ्या कुणाला सुचायच्या आत तिनं निऱ्या घालून चिमटीत धरल्या. अक्षरं जुळली नाहीत. तिनं पुन्हा घातल्या, पुन्हा नाही. मी मनात म्हटलं, हिनं पद्धत चुकवली. जवळ जाऊन बघितलं तर निऱ्या एकसारख्या, हात लावू नये अशा सुरेख. अक्षरं मी माझ्या विताची लिहिली होती आणि ती तिच्या विताच्या निऱ्या घालत होती. त्या दोन वितांत चांगलं चार बोटांचं अंतर. दुसऱ्या दिवशी तिलाच लुगड्यावर वीत टेकवत नेलं, मी मागून खडूनं खुणा करत गेलो, आणि त्या खुणांवर पुन्हा अक्षरं लिहिली. आता प्रत्येक गोष्ट मांडताना आधी बघतो की ती कुणाच्या हातानं व्हायची आहे.

दाराबद्दलचं मत बदललं ते वेगळ्या कारणानं. एस्केप रूम म्हटल्यावर दार बंदच पाहिजे, त्याशिवाय सुटका कसली, असं माझं म्हणणं होतं. मी बाहेरून कडी लावायचो. पुढं कधीतरी पोलंडमधल्या कोशालिन शहराची हकिगत वाचनात आली. जानेवारी २०१९ मध्ये वाढदिवस साजरा करायला अशाच एका खोलीत गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आग लागल्यावर बाहेर पडता न आल्यानं मेल्या. वाचल्यावर कडी लावायचं कायमचं बंद केलं. दार सताड उघडं, आणि कुलूप फक्त पेटीला. मला वाटलं होतं, याच्यानं खेळाची गंमत जाणार.

उलटं झालं. दार उघडं म्हटल्यावर बाहेरची माणसंही खेळात आली. एका पेटीवर लिहिलं, 'पायलीची चिपटी किती?' पुस्तकात किलो आणि लिटर. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि जी धूम ठोकली ती थेट घरी. एकजण आजीला हाताला धरून शाळेतच घेऊन आला. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "चार चिपट्याचा शेर अन् चार शेराची पायली." सोळा. दुसऱ्या पोराची आजी तोवर मागून आली, तिच्या माहेरचं माप निराळं, तिचा हिशेब निराळा. दोघींची जुंपली. शेवटी कुलपानं पहिलीच्या बाजूनं निकाल दिला, पण दुसरीनं तो अजून मान्य केलेला नाही. माझ्या जुन्या मताप्रमाणं त्या दिवशी पेपर फुटला होता. पण पेपर फुटल्याचं दुःख काही मला होईना.

मांडणीही मोडली. एकाला एक जोडलेली साखळी सोडून दिली. आता चार वाटा वेगवेगळ्या ठेवतो, प्रत्येकीतून एक आकडा, आणि चारही आकडे जमले की चार आकड्यांचं शेवटचं कुलूप उघडतं. एखाद्या वाटेवर कुणी अडलं तरी बाकीच्यांना हात बांधून बसावं लागत नाही. एकीचं काम डोक्याचं, एकीचं हाताचं, एकीचं नुसतं वजनाचं. वाळू भरलेल्या पिशव्या हातात तोलून हलकी ते जड अशा लावायच्या. कारखान्यावर आईबरोबर हंगाम काढून आलेली पोरं त्यात तरबेज, तराजूला मान खाली घालायला लावतील अशी.

चुन्याची गंमत सांगायची राहिली. आमच्याकडं घरटी चुन्याची डबी असते, कुणाच्या पानासाठी, कुणाच्या तंबाखूसाठी. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, वरची निवळी अलगद काढून घ्यायची, काडीला कापूस गुंडाळून तिनं कोऱ्या कागदावर लिहायचं. वाळलं की कागद पुन्हा कोरा. मग हळदीच्या पाण्यात कापूस बुडवून कागदावरून फिरवायचा. कागद पिवळा होतो आणि अक्षरं लालभडक उमटतात. चुना, सोडा असं काही लागलं की हळद लाल होते, हळदीचं कुंकू याच्याच जोरावर बनतं. लिंबू पिळलं की लाली जाते, म्हणजे वाचून झालेला निरोप पुसायचीही सोय. मात्र चुन्याचं लिहिलेलं फार वेळ राहत नाही. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन चुन्याचा खडू होतो आणि दुसऱ्या दिवशी अक्षर फिकं उमटतं. धुण्याच्या सोड्यानं लिहिलं तर टिकतं. निवळी मी स्वतः करतो, पोरांच्या हाती देत नाही, डोळ्यात गेली तर भलतंच व्हायचं. लिंबाच्या रसानं लिहून मेणबत्तीवर शेकायचा प्रकारही लोक करतात. वर्गात ज्योत आणि कागद एकत्र आणायचं माझं धाडस नाही.

या सगळ्यात मला महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण व्हायची. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ती लिपी तयार केली असं सांगतात. आपले ग्रंथ पंथाबाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून एका अक्षरासाठी दुसरी खूण. पाचशे वर्षांहून अधिक काळ ते ग्रंथ पेटीत असल्यासारखे राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांच्या खटपटीनं त्या लिपीची किल्ली हाती आली. वर्गात सांकेतिक भाषा शिकवताना मी ही हकिगत फार रंगवून सांगायचो. माझा सगळा ओढा लिपी करणाऱ्याकडं होता, कारण त्यानं इतकी वर्षं कुणाला दाद दिली नाही. आता सांगताना रंग राजवाड्यांकडं जास्त जातो. पंथाला आपलं धन राखायचं होतं, त्यांचं कुलूप पक्कंच हवं होतं. मी पेटीत शेंगदाण्याचे लाडू ठेवतो. ते रात्रीपर्यंत पेटीतच राहिले तर मुंग्या लागतात, आणि एकदा तशा लागल्याही.

जिथं मत बदललेलं नाही तेही सांगून टाकतो. तीन आकड्यांच्या कुलपाला शक्यता हजारच. दोन सेकंदाला एक धरली तर तेहेतीस-चौतीस मिनिटांत सगळ्या संपतात. एक पठ्ठ्या एकही चिठ्ठी न वाचता शून्य-शून्य-शून्यपासून चाकं फिरवत बसला आणि कुलूप उघडून मोकळा झाला. हा धीर कौतुकाचा आहे हे खरं, तरी मी त्याला चोरीच म्हणतो. शेवटच्या पेटीला चार आकड्यांचं कुलूप आलं ते त्याच्याच कृपेनं. पाढेही अजून पाठच करून घेतो, त्यांचा खेळ केलेला नाही. आणि वर्षातून एखादं कोडं असं काढतोच की जे कुणालाच सुटू नये. ते मी पोरांना देत नाही. आमच्या केंद्रप्रमुखांना देतो.

शेजारच्या गावचे एक सर आहेत, माझ्याच वयाचे, माझ्याच जुन्या मताचे. त्यांना हे सगळं पटत नाही. परवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहा घेताना त्यांनी तोंडावर विचारलं, "सर, सोपी कोडी सोडवून पोरं हुशार होतात का?" मी लुगड्याची गोष्ट सांगितली, पायलीची सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यंदा शिष्यवृत्तीला किती लागली. त्यांच्या शाळेची यादी यंदा आमच्यापेक्षा लांब आहे. संध्याकाळचे शिष्यवृत्तीचे जादा तास मी कमी केलेत, त्याचाही तो परिणाम असणार. मी तसं त्यांना सांगितलं. मग त्यांनी पाइपाचं माप विचारलं आणि बूच कसं बसवलं तेही विचारलं. तीन इंची, म्हटलं, आणि आधी सोल्युशन लावा, नाहीतर खालून गळतं.